पहिलं आरसी विमान फोमबोर्डचं: घरी बनवा आणि उडवायला शिका

आरसी विमानाचा, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा, नाद लागला की बहुतेक पोरं आधी सुखोई नाहीतर राफेलचं मॉडेल बघतात आणि तेच बनवायला घेतात. कृपया असं करू नका. जेटसारखी दिसणारी विमानं जोरात उडतात, वेग कमी केला की पडतात आणि नवीन माणसाला विचार करायला वेळच देत नाहीत. पहिलं विमान पाहिजे हळू उडणारं, हलकं, पंख वरच्या बाजूला असलेलं आणि स्टिक सोडली की आपणहून सरळ होणारं. म्हणून इथे सांगतोय ते तीन चॅनलचं ट्रेनर आहे, म्हणजे रिमोटवरून तीनच गोष्टी चालतात: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटाचा भाग) आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारा शेपटाचा भाग) बस, पंखावर एलेरॉन (विमान झुकवणाऱ्या पट्ट्या) नाहीत. दिसायला साधं आहे पण शिकायला याच्यासारखं दुसरं नाही.

सामान काय लागतं

स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात ५ मिमी जाडीचा फोमबोर्ड मिळतो, दोन्ही बाजूंनी कागद लावलेला, त्याचे ए१ साइजचे दोन शीट पुरतात. एक लक्षात ठेवा, सनबोर्ड मागितलात तर बऱ्याचदा पीव्हीसीचा घट्ट बोर्ड हातात देतात, तो फार जड असतो, तेव्हा घ्यायच्या आधी उचलून बघा. बाकी ग्लू गन, कटर, स्टीलची पट्टी, फायबर टेप, साधी चिकटपट्टी, बांबूच्या काड्या, रबर बँड, सायकलचे स्पोक आणि ३ मिमी प्लायचा तुकडा. फेवीक्विक फोमवर चालत नाही, तो फोम वितळवतो, ते थेंबभर टाकून बघायचीसुद्धा गरज नाही.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये २२१२ साइजची १००० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ९ ग्रॅमचे दोन सर्वो (शेपटाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटर), १० बाय ४.५ इंची प्रोपेलर आणि ३ सेलची ११.१ व्होल्टची १५०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. रोबोटिक्सचं सामान ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात हे मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत फेरी मारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. रिमोट मात्र २.४ गिगाहर्ट्झचा आणि निदान सहा चॅनलचा घ्या, भले आत्ता तीनच वापरणार असाल, कारण विमानं बदलत राहतात पण रिमोट वर्षानुवर्षं तोच चालतो. फ्लायस्कायचा एफएस-आय६ आपल्याकडे खूप जण वापरतात आणि सुरुवातीला तो भरपूर झाला. चार्जरमध्ये कंजूषी नको, प्रत्येक सेल वेगळा बघणारा बॅलन्स चार्जरच पाहिजे.

पंख

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण विमान म्हणजे शेवटी पंखच. एकूण लांबी १ मीटर, रुंदी २० सेमी. ५० बाय २० चे दोन तुकडे कापा, आणि ५० बाय १० चे दोन. छोटे तुकडे मोठ्यांच्या वर, पुढच्या अर्ध्या भागावर चिकटवायचे, म्हणजे पंखाच्या मध्यावर एक पायरी तयार होते. याला क्लाइन-फोगलमन एअरफॉइल म्हणतात, १९७० च्या दशकात रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन यांनी याचं पेटंट घेतलं होतं आणि त्याचा उगम चक्क कागदी विमानात आहे. पूर्ण आकाराच्या विमानात ती कल्पना चालली नाही, पण आपल्यासारख्या छोट्या आणि हळू उडणाऱ्या मॉडेलला ती छान जमते, बनवायला सोपी आणि एकाला दोन थर आल्यामुळे पंख मजबूतही होतो. पुढची कड सँडपेपरने घासून गोल करा आणि तिच्यावर टेप मारा.

आता दोन अर्धे जोडताना ते सपाट जोडायचे नाहीत. एक अर्धा टेबलावर ठेवा आणि दुसऱ्याचं टोक ९ सेमी वर उचलून खाली पुस्तकं लावा. एवढा कोन आला की पंख उथळ व्ही सारखा दिसतो, याला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला झुकून त्या बाजूला घसरायला लागलं की खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते परत सरळ होतं. रडर मारला की विमान नुसतं नाक न फिरवता नीट झुकून वळतं तेही यामुळेच, म्हणून एलेरॉन नसलेल्या विमानात हा कोन कमी ठेवून चालत नाही. जोडाच्या जागी २० सेमी लांब आणि १ सेमी उंच अशी प्लायची पट्टी त्याच कोनात कापून, पंखात खाच पाडून, उभी बसवा आणि ग्लू भरा. मग जोडावर खालून-वरून फायबर टेप. विमान डाइव्हमधून वर खेचताना सगळा ताण याच ठिकाणी येतो, तेव्हा इथे दोन ग्रॅम जास्त गेले तरी चालतील.

बॉडी आणि शेपूट

बॉडी म्हणजे साधी पेटी. दोन बाजू ८० सेमी लांब, पुढे ८ सेमी उंच आणि पंखाच्या मागून निमुळत्या होत शेपटाशी साडेतीन सेमी. आतली रुंदी साडेपाच सेमी ठेवा म्हणजे बॅटरी पुढे-मागे सरकवायला जागा राहते. नाकापासून पंखाची पुढची कड १८ सेमीवर येऊ दे. पंख जिथे टेकतो ती जागा पुढून साधारण ७ मिमी उंच ठेवायची, म्हणजे पंखाला दोन अंशाचा चढ मिळतो.

पंख ग्लूने कायमचा चिकटवू नका. बॉडीतून आडव्या दोन बांबूच्या काड्या घाला, एक पंखाच्या पुढे एक मागे, आणि पंख रबर बँडने बांधा. जमिनीला पंख आपटला तर तो नुसता निखळतो, मोडत नाही, आणि गाडीतून विमान न्यायलाही सोपं जातं.

आडवं शेपूट ३६ बाय १२ सेमी, उभं साधारण १८ सेमी उंच आणि सरासरी १० सेमी रुंद. आडव्याचा मागचा ४ सेमीचा भाग एलिव्हेटर, उभ्याचा मागचा ४ सेमी रडर. वरचा कागद तसाच ठेवून एका बाजूने फोम तिरका कापला की बिजागरी तयार, तिच्यावर एक टेप. हॉर्न, म्हणजे एलिव्हेटर आणि रडरवर उभे लावायचे छोटे तुकडे, जुन्या प्लास्टिक कार्डातून कापा. पुशरॉडला, म्हणजे सर्वो आणि हॉर्न जोडणाऱ्या काडीला, सायकलचा स्पोक किंवा तसलीच स्टीलची तार, आणि ती मध्ये वाकत असेल तर स्ट्रॉच्या नळीतून न्या. दोन्ही शेपट्या चिकटवताना मागे उभं राहून बघा, आडवं पंखाला समांतर आणि उभं काटकोनात पाहिजे. तिरकं चिकटलं तर कापून परत लावा, पुढे रिमोटच्या ट्रिमने (स्टिकशेजारची बारीक दुरुस्ती करायची बटणं) ते झाकायला जाऊ नका.

मोटर प्लायच्या चौकोनावर स्क्रूने बसवा आणि तो चौकोन नाकावर लावताना मोटर दोन-तीन अंश खाली आणि दोन-तीन अंश उजवीकडे बघेल असा लावा. थ्रॉटल दिला की नाक वर आणि डावीकडे जायची जी ओढ असते ती यामुळे बरीच जाते. चाकं नकोतच, हाताने फेकायचं आणि गवतावर पोटावर उतरवायचं. सगळं मिळून वजन ६०० ग्रॅमच्या आसपास बसलं पाहिजे. ही मोटर त्यापेक्षा जास्त ओढ देते, पण ८०० च्या पुढे गेलात तर विमानाला हवेत राहायला वेग लागतो आणि हळू उडण्याचा सगळा फायदा जातो.

वायरिंग आणि सेटिंग

हे सगळं प्रोपेलर न लावता करायचं, यात सूट नाही. दहा इंची प्रोपेलर बोटं कापतो.

ईएससी रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल घेणारा विमानातला डबा) तिसऱ्या चॅनलला, एलिव्हेटर दुसऱ्याला आणि रडर पहिल्याला लावा. पहिला खरा एलेरॉनचा चॅनल आहे पण त्यामुळे वळायची आणि वर-खाली करायची दोन्ही कामं उजव्या स्टिकवर येतात आणि तीच सवय पुढे एलेरॉनच्या विमानाला उपयोगी पडते. मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. प्रोपेलरवर छापलेले आकडे पुढच्या बाजूला आले पाहिजेत.

मग सर्वोंची दिशा तपासा, विमानाच्या मागे उभं राहून. स्टिक उजवीकडे तर रडर उजवीकडे, स्टिक स्वतःकडे ओढली तर एलिव्हेटर वर. एलिव्हेटरची हालचाल वर-खाली १२ मिमी पुरते, रडरची २० ते २५ मिमी, आणि दोन्हीला ३० टक्के एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम कमी करणारी रिमोटची सेटिंग) ठेवा म्हणजे स्टिक थोडी हलली तर विमान दचकत नाही. फेलसेफमध्ये थ्रॉटल शून्य करायला विसरू नका, सिग्नल गेला तर मोटर बंदच व्हायला पाहिजे, आणि ते रिमोट बंद करून प्रत्यक्ष बघा.

आता सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, सगळे सीजी म्हणतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेमीवर खालून दोन्हीकडे खुणा करा आणि बॅटरीसकट विमान दोन बोटांवर तोला. सपाट किंवा नाक किंचित खाली राहिलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, तरी नाही जमलं तर नाकात वजन घाला. शेपूट जड असलेलं विमान उडवायला अनुभवी माणसालाही जड जातं, नवीन माणसाच्या हातात ते काही सेकंदांत खाली येतं. बाकी कशात थोडं इकडेतिकडे झालं तरी विमान सांभाळून घेतं, यात नाही. बॅटरीची जागा ठरली की तिथे मार्करने रेघ मारून ठेवा.

कुठे आणि कधी

भारतात २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत आणि त्यात रिमोटवरचं मॉडेल विमानही येतं. डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर आपली जागा बघून घ्या. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी न घेता उडवता येतं, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट होते. यलो झोनमध्ये एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) आणि रेड झोनमध्ये केंद्र सरकारची परवानगी लागते. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी तर हे आधी बघावं कारण विमानतळ आणि संरक्षण खात्याच्या जागांमुळे शहराचा बराच भाग असाच जातो. विमान कायम नजरेत ठेवा, आणि लोक, रस्ता, विजेच्या तारा यांच्यावरून न्यायचं नाही.

कापणी झालेलं शेत, मालकाला विचारून, ही सगळ्यात उत्तम जागा. वेळ सकाळची, सूर्य उगवल्यानंतरचे पहिले एक-दोन तास. दिवाळीनंतरच्या थंडीत तेव्हा पान हलत नाही. एप्रिल-मेमध्ये दहा वाजले की जमीन तापून हवा वर उसळायला लागते आणि हलकं विमान नुसतं हेलकावे खातं. संक्रांतीच्या आसपास गावाजवळ उडवू नका, मांजात प्रोपेलर अडकतो.

उडवायचं कसं

आधी आठवडाभर तरी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर चालवा, रिमोट केबलने जोडता येतो. मुख्य अडचण एकच असते, विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं. त्याला सोपा उपाय म्हणजे जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला स्टिक न्यायची. हे बोटांत बसलं की निम्मं शिकून झालं.

मैदानावर शक्यतो अनुभवी माणूस सोबत घ्या. कुणीच नसेल तर निदान मित्राला फेकायला न्या, तुमचे दोन्ही हात रिमोटवर राहिले पाहिजेत. मित्र विमान घेऊन लांब चालत जाऊ दे, प्रोपेलर काढून, आणि सर्वो तिथपर्यंत न अडखळता चालतात का बघा. मग प्रोपेलर लावा, वाऱ्याकडे तोंड करा, थ्रॉटल पाऊण ते पूर्ण, आणि विमान भाल्यासारखं सरळ समोर फेकायचं. वर फेकलं की वेग जातो आणि ते तिथेच बसतं.

वर जाऊ दे, एलिव्हेटर घाईने ओढू नका. साधारण ३० मीटर उंची आली की थ्रॉटल निम्म्यावर आणा आणि ट्रिम करा, स्टिक सोडून विमान सरळ जाईपर्यंत. उंची म्हणजे चूक सुधारायला मिळालेला वेळ, खाली उडवण्याचा मोह पहिले काही दिवस टाळा. मोठी मोठी वळणं घ्या, विमान डोक्यावरून मागे जाऊ देऊ नका. नाक वर आहे आणि कंट्रोल ढिले वाटतायत म्हणजे स्टॉल, पंखाची उचल संपून विमान पडणं, जवळ आलाय, तेव्हा घाबरून एलिव्हेटर ओढला जातो आणि तिथेच विमान जातं. उलट स्टिक पुढे ढकला, वेग येऊ दे, मग हळूच सरळ करा.

रिमोटवर ६ मिनिटांचा टायमर लावा. उतरवताना वाऱ्याकडे तोंड करून लांबून सरळ रेषेत या, थ्रॉटल थोडा थोडा कमी करा आणि जमिनीपासून मीटरभर उरलं की पूर्ण बंद, मग एलिव्हेटर अगदी किंचित. मोटर चालू असताना गवतात उतरलात तर प्रोपेलर आणि मोटरचा शाफ्ट दोन्ही जातात.

घरी आल्यावर

लिपो बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा असतो, ३.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि दोन-तीन दिवस उडवणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा. फुगलेली बॅटरी परत चार्ज करू नका. चार्जिंग फरशीवर, डोळ्यासमोर, गादी-पडद्यापासून लांब, आणि लावून झोपायचं तर अजिबात नाही, या बॅटरीची आग भयानक असते.

फोम तुटला तर ग्लू आणि टेप, दहा मिनिटांचं काम आहे, फक्त प्रत्येक दुरुस्तीनंतर सीजी परत तपासा कारण शेपटाला लावलेला थोडासा ग्लूसुद्धा तोल बिघडवतो. वळणं आणि उतरणं विचार न करता जमायला लागलं की बॉडी हीच ठेवून दुसरा पंख बनवा, या वेळी टोक ३ सेमीच वर उचला, मागच्या कडेला एलेरॉन कापा, ते पहिल्या चॅनलला लावा आणि रडर चौथ्यावर न्या.