प्लस नंबरचं लेसर ऑपरेशन: तारीख घेण्याआधी

चष्म्याचा नंबर प्लसमध्ये असेल आणि लेसर करायचं मनात असेल, तर पैशांची जुळवाजुळव नंतर करा. आधी डोळ्यांत थेंब टाकून नंबर काढून घ्या. प्लस नंबरात, म्हणजे दूरदृष्टीत, प्रकाश डोळ्याच्या पडद्याच्या मागे एकवटतो. तरुण डोळा आतल्या भिंगाला सतत ताण देऊन ही उणीव भरून काढतो, म्हणून साध्या तपासणीत दीड दिसलेला नंबर थेंबांनंतर अडीचही निघतो. वरवरच्या नंबरावर ऑपरेशन झालं, तर दडलेला नंबर पुढे वय वाढल्यावर वर येतो आणि चष्मा पुन्हा लागतो. ही तपासणी कोणी टाळत असेल, तर माझ्या मते तिथे ऑपरेशन करूच नये. थेंबांनी जवळचं काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या गर्दीत स्वतः गाडी नेऊ नका.

कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या मोजमापाआधीच बंद करा: मऊ 2 आठवडे, टोरिक (तिरक्या नंबरच्या) 3, कडक असतील तर 3 ते 4. लेन्सने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, आकार किंचित बदलतो, आणि सगळा खेळ त्या आकाराचाच आहे. प्लस नंबरात लेसर कॉर्नियाच्या कडेची कड्यासारखी पट्टी घासून मधला भाग उंच करतो. म्हणून कॉर्नियाची जाडी आणि आकाराचा नकाशा दोन्ही तपासून घ्या. नंबर वर्षभर स्थिर आहे हे दाखवायला जुने कागद सोबत ठेवा. +4 च्या पुढे बरेच सर्जन लेसर सुचवत नाहीत. तुम्हाला नाही म्हटलं तर दुसरीकडे हो ऐकायला फिरू नका.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का, शुगर आहे का, संधिवात आहे का, बाळ अंगावर पितं का, सगळं सांगा. डोळे कोरडे पडतात का, हेही. नागपूरच्या मे महिन्यात लू, धूळ आणि रात्रभर तोंडावर कूलरचा झोत, यात कोरडेपणा वाढतो. दिवाळीनंतरची तारीख घ्या, म्हणजे होळीच्या रंगांपर्यंत डोळा पुरता भरून येईल.

त्या दिवशी काजळ, अत्तर, पावडर काही नको. डोकं आदल्या रात्री धुवा. घरचं माणूस सोबत हवंच.

मनाची तयारीही करा. प्लस नंबरात सुरुवातीला जवळचं चांगलं आणि लांबचं धूसर दिसतं, ते निवळायला काही आठवडे लागू शकतात. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. तेव्हा घरातलं लग्न, परीक्षा किंवा समृद्धी महामार्गावरून रात्रीचा प्रवास लगेच पुढे ठेवू नका. आणि चाळिशी जवळ आली असेल, तर वाचायचा चष्मा लागेल का आणि कधी, हे सही करण्याआधी डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून घ्या.