उद्यमबागेतला एसव्हीएन सर्व्हर लिनक्सवर नेताना

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. सीएनसीचे (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्राम, ड्रॉइंगं सगळं सबव्हर्जनमध्ये, म्हणजे फाईलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या एसव्हीएन प्रोग्राममध्ये. जुन्या विंडोज पीसीवरचा हा सर्व्हर मी उबुंटूवर आणला. जुना इतिहास एका दुपारीत आला, पण त्याच्या भोवतीच्या बारीकसारीक गोष्टींनी आठवडा खाल्ला.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना कमिट करायला, म्हणजे आपापले बदल सर्व्हरवर चढवायला लावा. कोणाकडे कुठलं ड्रॉइंग लॉक आहे ते कागदावर उतरवून घ्या, कारण लॉक डंपमध्ये, म्हणजे सगळा इतिहास उतरवलेल्या फाईलमध्ये येत नाहीत. सर्व्हिस बंद करून आधी साठा धड आहे का ते तपासणारी एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय ही कमांड चालवा, मग डंप घ्या. डंप साध्या कमांड प्रॉम्प्टमधूनच घ्या. विंडोजमधल्या पॉवरशेलच्या बाणाने (>) फाईलचं एन्कोडिंग बदलतं आणि लोड अडतो. फाईल तिकडे नेल्यावर दोन्हीकडचा चेकसम (फाईलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवून बघा.

लिनक्सवर रिकामी रिपॉझिटरी (सर्व्हरवरचा फाईलींचा साठा) तयार करून लोड करा. लोडच्या आधी तिच्यात 'बघू या' म्हणून एकही कमिट करू नका. रिकामी असेल तर ती जुना यूयूआयडी (रिपॉझिटरीचा ओळख क्रमांक) घेते, आणि मग मशीनजवळच्या पीसींवर नवा चेकआउट, म्हणजे फाईलींची नवी प्रत लागत नाही, सर्व्हरचा पत्ता बदलणाऱ्या एसव्हीएन रिलोकेटवर भागतं. लोड झाल्यावर फोल्डरची मालकी सर्व्हिस ज्या युजरने चालते त्याच्या नावावर करा. पत्त्यातलं रिपॉझिटरीचं नाव लहानमोठ्या अक्षरांसकट जुळलं पाहिजे, हेही ध्यानात असू द्या.

युजर, परवानग्या आणि हुक (कमिटच्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) डंपमध्ये नसतात, ते हाताने न्यायचे. बॅच फाईलचे हुक शेलमध्ये नव्याने लिहा. नावाला .bat सारखं शेपूट नको, एक्झिक्यूटची परवानगी हवी, आणि ओळींचे शेवट लिनक्सचे हवेत.

आता खरी जोखमीची जागा. आमच्याकडे फाईलींची नावं मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत. 'मंजूर' फोल्डरमध्ये दोघांशिवाय कोणी बदल करू नये म्हणून कमिट स्वीकारण्याआधी चालणारा प्री-कमिट हुक आहे. लिनक्सवर सबव्हर्जन हुकला एन्व्हायरन्मेंट (भाषा वगैरेंच्या सेटिंग) रिकामं देतं, त्यामुळे कुठल्या फाईली बदलल्या ते हुकला सांगणाऱ्या एसव्हीएनलुकला 'मंजूर' ही अक्षरं छापता येईनात, त्यांच्या जागी कोड यायचे. नाव जुळेना, म्हणून हुकने कोणालाच अडवलं नाही. एरर नाही, काही नाही! रात्रपाळीच्या सेटरचा (मशीन लावणाऱ्याचा) फोन आला, "दादा, बोअरचं माप बदललंय की, तुम्ही केलासा काय?" त्याने मशीन चालू करण्याआधी विचारलं म्हणून कास्टिंग वाचलं.

उपाय एका ओळीचा आहे: हुकमध्ये सुरुवातीलाच एलसी_ऑलला (भाषेच्या सेटिंगला) सी.यूटीएफ-८ देऊन एक्स्पोर्ट करा. प्रोग्रामचे पूर्ण पाथ लिहा, कारण प्रोग्राम कुठे शोधायचे ते सांगणारी PATH ही सेटिंगही रिकामीच असते. मग परवानगी नसलेल्या युजरने एक मराठी आणि एक कन्नड नावाची फाईल बंद फोल्डरमध्ये कमिट करून बघा. दोन्ही अडल्या की मगच शॉपमध्ये रिलोकेट करायला सांगा. जुना पीसी नेटवर्कवरून काढून आम्ही महिनाभर कपाटात ठेवला होता, लगेच फॉरमॅट केला नाही.