टेप आधी, ड्राइव्ह नंतर

रत्नागिरीजवळच्या ज्या वाचनालयात मी काम करते, तिथल्या जुन्या मासिकांच्या स्कॅनचा बॅकअप एलटीओ-४ टेपवर आहे. एलटीओ म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा साठवायची चुंबकीय टेप, ४ ही तिची पिढी. ती वाचणारं-लिहिणारं यंत्र, म्हणजे ड्राइव्ह, सेकंडहँड घेतलेला. तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. जे हळूहळू कळत गेलं, ते असा ड्राइव्ह ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

ड्राइव्हबद्दल जराही शंका असेल तर त्यात कामाची टेप घालू नका. ड्राइव्ह दुसरा मिळतो, टेपवरचं गेलं की गेलं. एक टेप फक्त चाचणीसाठी ठेवा. आमच्या त्या टेपवर लाल स्केचपेननं 'चाचणी' लिहिलंय. ड्राइव्ह बिघडला, हलवला किंवा बरेच दिवस बंद राहिला, की आधी तीच आत जाते.

कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसतच नसेल तर दोष बहुतेक वेळा बाहेरच असतो. दोन्ही यंत्रं बंद करून केबल काढा आणि टॉर्चनं पिना बघा. जुन्या स्कझी (एकामागोमाग अनेक उपकरणं जोडायची जुनी पद्धत) केबलला ६८ बारीक पिना असतात, एखादी वाकलेली सहज नजरेतून सुटते. उपकरणांच्या साखळीच्या शेवटी टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारं बूच) बसवलेला हवा आणि एकाच केबलवरच्या दोन उपकरणांचा आयडी क्रमांक सारखा नको. ड्राइव्ह सॅस या नव्या प्रकारच्या जोडणीचा असेल तर टर्मिनेटरचा प्रश्नच येत नाही.

ड्राइव्ह दिसतो पण टेप घेत नाही, अशा वेळी टेपच हातात घ्या. कोपऱ्यातलं छोटं झाकण सरकवलं की आत धातूची बारीक पिन दिसते. ड्राइव्ह तिलाच धरून टेप ओढतो. पिन दोन्ही टोकांना नीट बसलेली हवी. टेप खाली पडली असेल, हलवल्यावर खुळखुळत असेल किंवा पिन तिरकी दिसत असेल, तर ती आत ढकलू नका. नाहीतर टेपही अडकते आणि ड्राइव्हही.

वाचताना चुका येत असतील तर चाचणीची टेप लावून बघा. ती नीट चालली तर दोष आधीच्या टेपमध्ये, तीही रडली तर ड्राइव्हमध्ये. आता क्लिनिंग टेपची, म्हणजे ड्राइव्हचा हेड (टेप वाचणारा-लिहिणारा भाग) साफ करणाऱ्या टेपची वेळ. एचपीच्या ड्राइव्हवर 'क्लीन'चा पिवळा दिवा लुकलुकतो, आयबीएमच्या छोट्या पडद्यावर 'सी' हे अक्षर येतं. ड्राइव्ह असं मागेल तेव्हा किंवा चुका खरंच वाढल्या असतील तेव्हाच ती घाला. दर सोमवारी सफाई असा नेम करू नका, कारण क्लिनिंग टेप थोडी खरखरीत असते आणि प्रत्येक वेळी हेड किंचित झिजतो. बहुतेक क्लिनिंग टेप ५० वेळा चालतात. प्रत्येक वापराची तारीख तिच्या लेबलवर लिहा. कापूस आणि स्पिरिट घेऊन एलटीओच्या आत हात घालू नका, ती सवय कॅसेट प्लेअरची.

आमच्याकडे एकदा 'क्लीन'चा दिवा चार-चार दिवसांनी लागायला लागला. ड्राइव्ह मेला असं सगळ्यांना वाटलं. मग लक्षात आलं, की टेबल आम्ही स्कॅनरशेजारी हलवलं होतं. १९३० च्या आसपासचे बांधीव अंक उघडले की कागदाची बारीक पूड उडते, आणि ड्राइव्हचा पंखा हवेबरोबर तीही आत ओढतो. ड्राइव्ह शेजारच्या खोलीत नेला, दार लावून घेतलं, आणि पुढे कित्येक महिने दिवा लागला नाही. म्हणून वारंवार सफाई मागणाऱ्या ड्राइव्हच्या आधी त्याची जागा तपासा.

आवाजही ओळखायला शिका. नीट चाललेल्या टेपचा आवाज एकसंध असतो. शिवणयंत्र थांबत-थांबत चालवावं तसा मागे-पुढे आवाज यायला लागला, तर ड्राइव्हला डेटा पुरेशा वेगानं मिळत नाहीये. एलटीओ-४ सेकंदाला १२० एमबीपर्यंत लिहितो. डेटा हळू आला तर तो वेग कमी करतो, पण एका मर्यादेखाली त्याला थांबावंच लागतं. मग तो मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतो. यात टेप आणि हेड दोन्ही झिजतात. जुन्या यूएसबी २ डिस्कवरून थेट लिहू नका. फायली आधी आतल्या वेगवान डिस्कवर घ्या आणि हजारो छोट्या फायली एकत्र बांधून एक टार फाइल करा.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर टेप ड्राइव्हची दोन नावं दिसतात, एसटी० आणि एनएसटी०. पहिलं वापरलं तर काम संपताच टेप रिवाइंड होते, दुसरं वापरलं तर जागेवर थांबते. हा फरक मला माहीत नव्हता. एका रात्रीच्या बॅकअपवर मी दुसऱ्या रात्रीचा बॅकअप लिहिला, आणि डिस्कवरची मूळ फाइल त्याआधीच पुसली होती. नव्या लिखाणाच्या पुढे टेपवर जुनं काही उरलं असलं तरी ड्राइव्ह तिथवर जातच नाही. ते खंड पुन्हा स्कॅन करायला आम्हाला दोन महिने लागले, आणि त्यातल्या काही पानांचे कोपरे दुसऱ्या हाताळणीत तुटले. ते मला अजून सलतं. त्यानंतर टेप भरली की तिची लेखनबंदीची खिट्टी लगेच सरकवते, आणि टेपवरून वाचून चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळेपर्यंत मूळ फाइल पुसत नाही.

टेप आत अडकली तर घाई नको. एलटीओ-४ ची टेप ८२० मीटर लांब असते, गुंडाळायला वेळ लागतो. बऱ्याच ड्राइव्हवर इजेक्टचं बटण किमान पाच सेकंद दाबून धरलं की सक्तीनं बाहेर काढायची क्रिया सुरू होते. त्यानंतर दहा मिनिटं हात लावू नका. स्क्रूड्रायव्हर तर नकोच.

कोकणातल्या पावसाळ्यासाठी वेगळी तयारी लागते. दीर्घकाळ ठेवायच्या टेपला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आमच्याकडे जुलैत हे आपसूक होणं शक्यच नाही. टेप घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह उभ्या ठेवतो. थंड खोलीतून बाहेर आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालत नाही, नव्या हवेत एक दिवस राहू देतो.

सुटा ड्राइव्ह मिळतोय तोवर घेऊन ठेवा, पण पिढी बघून. एलटीओ-४ च्या टेप वाचणारी शेवटची पिढी एलटीओ-६. एलटीओ-७ त्या वाचत नाही. आम्ही एक एलटीओ-६ घेतला आहे आणि दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, त्यावर तीन जुन्या टेप पूर्ण वाचून बघतो. जी अडखळते तिची नवी प्रत त्याच आठवड्यात, आणि वहीत तारीख.