एका गल्लीचे पाच नकाशे: शहरातील विभागांनी भूस्थानिक माहिती वाटून कशी घ्यावी आणि ताजी कशी ठेवावी

इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या गल्लीत जमिनीखाली नर्मदेच्या पाण्याची वाहिनी असते, तिच्या शेजारून ड्रेनेजची लाइन जाते, आणि त्याच अरुंद पट्ट्यात विजेची केबल, ऑप्टिकल फायबर किंवा गॅसची नळीही असू शकते. या वस्तू वेगवेगळ्या यंत्रणांच्या ताब्यात असतात आणि प्रत्येकीकडे आपापला नकाशा असतो. गल्ली मात्र एकच असते, आणि खोदकाम सुरू झाले की या नकाशांमधील विसंगती थेट फुटलेल्या पाइपच्या रूपाने समोर येते. नगर निगम, विकास प्राधिकरण, नगर तथा ग्राम निवेश विभाग, महसूल खाते, वीज वितरण कंपनी, लोक निर्माण विभाग आणि आता मेट्रो, या सर्वांनी भूस्थानिक, म्हणजे जागेशी जोडलेली, माहिती एकमेकांना द्यावी याबद्दल कोणाचेही दुमत नसते. अडचण देण्याची नसून दिलेली माहिती सहा महिन्यांनीही खरी राहावी याची आहे, म्हणून या लेखाचा बराच भाग देखभालीविषयी आहे.

सुरुवात सॉफ्टवेअरच्या खरेदीने करू नये. आधी शहराकडे कोणकोणते लेयर, म्हणजे एकेका प्रकारच्या वस्तूंचे नकाशावरील स्वतंत्र थर, आहेत याची यादी करावी आणि प्रत्येक लेयरसमोर एकाच पालक विभागाचे नाव लिहावे. पालक विभाग ठरवताना ‘ही मालमत्ता कोणाची’ हा प्रश्न पुरेसा नसतो. ‘जमिनीवरचा बदल सर्वांत आधी आणि खात्रीने कोणाला कळतो’ हा प्रश्न विचारावा. रोहित्र आणि विजेचे खांब वितरण कंपनीकडे, खसऱ्यांच्या (क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांच्या) सीमा महसूल खात्याकडे, भूवापर नगर निवेशाकडे, एवढे वादाशिवाय ठरते. इंदूरच्या 85 वॉर्डांच्या सीमांचा आधार राजपत्रातील अधिसूचना हाच असला पाहिजे, कोणा एका संगणकातील फाइल नव्हे.

खरा वाद रस्ते आणि इमारती यांवरून होतो. रस्त्याची मध्यरेषा निगमालाही हवी असते, लोक निर्माण विभागालाही आणि वाहतूक पोलिसांनाही; येथे भूमिती एकाच विभागाने सांभाळावी आणि इतरांनी आपले गुणधर्म, म्हणजे एकेरी वाहतूक, डांबरीकरणाचे वर्ष, देखभालीची जबाबदारी, त्या रस्त्याच्या क्रमांकाला जोडून स्वतंत्र तक्त्यात ठेवावेत. इमारतीच्या बाह्य आकाराबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. बांधकाम परवानगी देणाऱ्या शाखेला नवी इमारत सर्वांत आधी कळते हे खरे, पण तिला कळते ती कागदावरची इमारत. प्रत्यक्ष उभी राहिलेली इमारत मालमत्ता कराच्या कर्मचाऱ्याला दिसते. त्यामुळे इमारतीचा बाह्य आकार कर शाखेकडे असावा आणि मंजूर नकाशा हा वेगळा लेयर म्हणून तिच्याशी जोडावा. दोन्ही एकाच रेषेत मिसळले, तर मंजुरी आणि वास्तव यांतील फरक कायमचा पुसला जातो, आणि तो फरक कळणे हीच शहराची गरज असते.

पायाभूत नकाशा आणि अचूकतेची नोंद

सर्व विभागांनी एकच पायाभूत नकाशा आणि एकच निर्देशांक प्रणाली वापरली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकावर एक ठेवता आली, कारण हवाई छायाचित्रांवरून केलेला शहराचा समान पायाभूत नकाशा त्यापूर्वीच तयार होता. इंदूरचे स्थान सुमारे 22.72 अंश उत्तर अक्षांश आणि 75.86 अंश पूर्व रेखांश आहे. म्हणजे मीटरमध्ये मोजमाप करण्यासाठी डब्ल्यूजीएस 84 (जीपीएस वापरते ते पृथ्वीच्या आकाराचे मानक) आधारावरील यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणारी पद्धत) झोन 43 उत्तर हीच स्वाभाविक निवड ठरते. जुने स्थलदर्शक नकाशे मात्र एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर, बेतलेले आहेत, आणि त्या मोजणीचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातच, सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथे होता. असा नकाशा योग्य रूपांतर न करता नव्या उपग्रहचित्रावर ठेवल्यास रस्ते आणि नाले कितीतरी मीटर सरकलेले दिसतात. मग एखादा उत्साही कर्मचारी ते हाताने ओढून ‘जुळवतो’, आणि तेथून पुढे त्या फाइलवर विसंबता येत नाही. रूपांतर हाताने करू नये. नियंत्रण बिंदू (ज्यांचे स्थान अचूक ठरवले आहे अशा जागा) मोजून, कोणते रूपांतर वापरले याची नोंद ठेवूनच करावे.

प्रत्येक लेयरसोबत त्याची अचूकता लिहिलेली असली पाहिजे. 1:4000 प्रमाणाच्या नकाशावरील अर्धा मिलीमीटर जाडीची रेघ जमिनीवर 2 मीटर व्यापते. अशा कागदी नकाशावरून अंकित केलेली खसऱ्याची सीमा ड्रोनच्या काही सेंटिमीटर अचूकतेच्या चित्रावर ठेवून एखाद्याच्या भिंतीला अतिक्रमण ठरवणे हा त्या घरमालकावर अन्याय आहे. मोबाइलमधील जीपीएस मोकळ्या मैदानात काही मीटरपर्यंत बरोबर असते, पण सराफ्याच्या अरुंद गल्ल्यांत उंच भिंतींमुळे चूक आणखी वाढते. तक्रारीचे ठिकाण नोंदवायला ते चालेल, पाइपलाइन नोंदवायला चालणार नाही. तेथे जीपीएसमधील चूक दुरुस्त करून मोजणाऱ्या डीजीपीएस किंवा आरटीके उपकरणानेच मोजणी करावी.

क्रमांक हवा, नाव नव्हे

दोन विभागांच्या तक्त्यांची जोडणी पत्त्यावरून किंवा वसाहतीच्या नावावरून करू नये. आपल्या शहरात एकच रस्ता कोठे ‘एम. जी. रोड’ असतो तर कोठे ‘महात्मा गांधी मार्ग’. आपण मराठी माणसे ‘राजेंद्रनगर’ लिहितो आणि हिंदी नोंदीत ‘राजेन्द्र नगर’ असते. संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी ठिकाणे आहेत. याहून बारीक अडचण ‘बड़ा गणपति’ या नावात आहे. त्यातील ‘ड़’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या मानक पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येते, एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘ड’ आणि खालचा नुक्ता असे वेगळे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. म्हणून मजकूर साठवण्यापूर्वी तो युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणण्याची पायरी प्रणालीतच बसवावी.

प्रत्येक वस्तूला अर्थविरहित, कायमचा क्रमांक द्यावा. क्रमांकात वॉर्ड किंवा झोन गुंफू नये, कारण वॉर्डांची फेररचना होते आणि मग क्रमांकच खोटे ठरतात. जमिनीच्या तुकड्यांसाठी 14 अंकी भू-आधार क्रमांक जेथे उपलब्ध आहे तेथे तोच जोडावा. भूखंड विभागला गेला किंवा दोन एकत्र झाले, तर जुना क्रमांक पुसू नये आणि पुन्हा वापरूही नये. तो निवृत्त करून त्याच्यापुढे नव्या क्रमांकांचा निर्देश ठेवावा.

देखभाल: कागद जेथे हलतो, तेथेच नकाशा हलला पाहिजे

दर पाच वर्षांनी मोठे सर्वेक्षण करून माहिती ताजी राहत नाही. मी ज्या एका कार्यालयात काम पाहिले, तेथे सर्वेक्षणानंतर प्रत्येक शाखेने फाइलची आपापली प्रत नेली आणि आपापल्या प्रतीत दुरुस्त्या केल्या. दोन वर्षांनी कोणतीही प्रत पूर्ण बरोबर नव्हती आणि कोणतीही पूर्ण चुकीची नव्हती. दुरुस्त्या करणारी माणसे मेहनती होती, त्यांची मेहनत वाया गेली याचे मला आजही वाईट वाटते.

बदल घडताना कोणता तरी कागद फिरतोच: रस्ता खोदण्याची परवानगी, नळजोडणीचा अर्ज, इमारत पूर्णत्वाचा दाखला, ठेकेदाराचे अंतिम देयक. नकाशातील नोंद या कागदाला बांधावी. माझ्या मते सर्वांत परिणामकारक नियम असा आहे, की प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा ठरलेल्या नमुन्यात दाखल होऊन पालक विभागाने स्वीकारल्याशिवाय अंतिम देयक निघू नये. ही अट निविदेतच लिहिलेली असावी, नंतर घालू पाहिल्यास कोणी मानत नाही.

मोजणी चर उघडा असतानाच झाली पाहिजे. माती लोटल्यानंतर सांगितलेली जागा हा केवळ अंदाज असतो. पाइपच्या माथ्याची उंची जवळच्या तलचिन्हापासून (उंची ठाऊक असलेल्या कायमच्या खुणेपासून) मोजावी, रस्त्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. रस्त्यावर डांबराचे किंवा काँक्रीटचे थर चढत जातात, आणि ‘रस्त्यापासून 1 मीटर खाली’ अशी नोंद काही वर्षांत निरुपयोगी होते. पाइपचा व्यास, साहित्य, टाकल्याची तारीख आणि मोजणीची पद्धत एवढे चार रकाने रिकामे सोडू देऊ नयेत. बाकीचे नंतर भरता येतात.

खोदणाऱ्याने आधी विचारावे यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. त्यात खोदकामाची सूचना त्या जागेतील वाहिन्यांच्या मालकांपर्यंत पोहोचते. पण उत्तर देणाऱ्याकडील नकाशा जुना असेल तर सूचना वेळेवर मिळूनही नुकसान टळत नाही. म्हणून अशा प्रत्येक परवानगीनंतर खड्ड्यात खरोखर काय आढळले हे परत कळवण्याची सक्ती असावी. खोदलेला प्रत्येक खड्डा ही जुना नकाशा तपासण्याची संधी असते, ती वाया घालवू नये.

दुसऱ्या विभागाच्या लेयरमध्ये चूक दिसली, तर ती आपल्या प्रतीत दुरुस्त करू नये. चुकीची नोंद सामायिक नोंदवहीत करावी: वस्तूचा क्रमांक, काय चुकले, कोणी पाहिले, कोणत्या दिवशी. पालक विभागाने ठरावीक मुदतीत ती स्वीकारावी किंवा कारण देऊन नाकारावी. प्रत्येक नोंदीला दोन तारखा असाव्यात, बदल जमिनीवर कधी झाला आणि नोंद कधी झाली. या दोन तारखांमधील अंतर पाहिले, की कोणत्या विभागाला मदतीची गरज आहे हे वेगळे विचारावे लागत नाही. पावसाळ्यापूर्वी कान्ह आणि सरस्वती नद्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या लेयरची एक आवृत्ती गोठवून ठेवावी, म्हणजे पाणी साचल्यावर त्या वेळी आपल्याला काय ठाऊक होते हे तपासता येते.

देवाणघेवाण कशी करावी

पेन ड्राइव्हने आणि ईमेलने फाइल पाठवणे शक्य तितके बंद करावे, कारण फाइल पोहोचली त्याच क्षणापासून ती जुनी होऊ लागते. पालक विभागाने आपला लेयर डब्ल्यूएमएस किंवा डब्ल्यूएफएस सेवेच्या (नेटवर्कवरून नकाशा थेट पुरवण्याच्या मानक पद्धतींच्या) रूपात उपलब्ध करावा, आणि इतरांनी क्यूजीआयएससारख्या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्येही तो थेट उघडावा. फाइल द्यावीच लागली तर शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलप्रकाराऐवजी जिओपॅकेज हा नवा प्रकार द्यावा. शेपफाइलमध्ये रकान्याचे नाव 10 अक्षरांपुरतेच राहते, आणि संकेतन, म्हणजे अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली हे, नोंदवणारी छोटी जोडफाइल हरवली की देवनागरी मजकुराची निरर्थक चिन्हे होतात. जिओजेसन या आणखी एका फाइलप्रकारात आधी रेखांश आणि मग अक्षांश हा क्रम असतो. तो उलटला तर इंदूरचे बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडतात.

कोणाला काय दिसावे हे लेखी ठरवावे. फेब्रुवारी 2021 मधील केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आणि डिसेंबर 2022 चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरण यांमुळे नकाशे तयार करणे व वाटणे पुष्कळ मोकळे झाले आहे, तरी संवेदनशील गुणधर्मांवरील निर्बंध कायम आहेत. घरमालकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि कराची थकबाकी इमारतीच्या लेयरमध्ये ठेवूच नये. ती वेगळ्या, मर्यादित प्रवेशाच्या तक्त्यात असावी. आग विझवायला निघालेल्या गाडीला घराचा आकार आणि रस्त्याची रुंदी हवी असते, घरमालकाच्या थकबाकीशी तिचा संबंध नसतो.

प्रत्येक विभागात जबाबदारी व्यक्तीला नव्हे, पदाला जोडावी, कारण बदल्या होतच राहतात. महिन्यातून एकदा या पदांवरील मंडळींनी बसावे आणि विषयपत्रिकेवर केवळ चुकांची नोंदवही असावी.

काम संपूर्ण शहरात एकदम सुरू करू नये. एक वॉर्ड आणि पाणी, ड्रेनेज व रस्ते हे तीन लेयर घ्यावेत. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला, तेव्हा आराखड्याआधी शहराची पाहणी झालीच पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, आणि तो आजही तितकाच उपयोगी आहे. तिन्ही विभागांच्या अभियंत्यांनी छापील नकाशा घेऊन त्या वॉर्डातून एकत्र चालावे, कोणतीही वीस चेंबर निवडून झाकण उघडावे, खोली मोजावी, आणि नकाशाशी न जुळणारे प्रत्येक चेंबर त्याच दिवशी नोंदवहीत लिहावे. तीन महिन्यांनी तोच फेरा नव्या वीस चेंबरांसह पुन्हा करावा. चुकांची संख्या घटलेली दिसली, तरच शेजारचा वॉर्ड हाती घ्यावा.