फवारलेल्या रानाच्या बांधावरचं गवत दावणीत आणू नका

पावसाने उघडीप दिली की शिवारात सगळीकडे पंप सुरू होतात. नेमकं तेव्हाच बांधावरचं गवत गुडघ्याला लागलेलं असतं. सकाळी कपाशी फवारली, संध्याकाळी त्याच बांधावरचा भारा म्हशीपुढे. दरवर्षी हेच पाहतोय, म्हणून पोळ्याआधी सांगतो: तो भारा थांबवा.

"धुऊन घातलंय" नाहीतर "मधे पाऊस झालाय", ही उत्तरं ठरलेली. औषध ओतल्यावर पंपातलं पाणी दुधासारखं झालं होतं ना? क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रीन ही कीटकनाशकं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. लेबलवर 'ईसी' लिहिलेल्या बाटलीत ती तेलकट द्रावणात असतात, आणि त्यातल्या साबणासारख्या पदार्थामुळे पाण्यात मिसळल्यासारखी दिसतात. सुकली की पानाच्या मेणात बसतात, हौदाच्या पाण्याने पुरती निघत नाहीत.

जनावराच्या अंगातही तोच हिशेब. पाण्यात विरघळणारं बरंचसं लघवीवाटे जातं. चरबीत विरघळणारं चरबीत मुरतं आणि दुधाच्या फॅटमधून बाहेर येतं. यकृत त्यातलं काही मोडतं, पण रोज नवा भारा आला तर त्याला उसंत कुठली? म्हशीच्या साधारण १५ लिटर दुधाचं एक किलो तूप होतं; त्या १५ लिटरच्या फॅटमधलं औषध त्या किलोत येतं. व्यायल्यावर जनावर अंगची चरबी झिजवून दूध देतं, तेव्हा आधी साठलेलंही वासराच्या तोंडी जातं. डीडीटी शेतीतून १९८९ साली बंद झालं, पण चरबीत मुरणारं आणि मोडायला वर्षानुवर्षं लावणारं असल्याने त्यानंतरही दुधात सापडत राहिलं.

पाण्यात विरघळणारं निर्धोक, असं मात्र धरू नका. मोनोक्रोटोफॉस अंगात साठत नाही, पण जास्त गेलं तर त्याच दिवशी जनावर आडवं करतं. लाळ गळते, अंग थरथरतं, श्वास लागतो. लगेच डॉक्टरांना बोलवा आणि औषधाची बाटली दाखवा, त्यावर उपचार ठरतो. तेल-तूप पाजू नका: चरबीत विरघळणारं विष त्याने उलट लवकर भिनतं, आणि ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर वेगळंच संकट.

चाऱ्याच्या मक्यावर लष्करी अळी दिसली की दुकानदार तीन बाटल्या आणि वर टॉनिक हातात देतो. घेऊ नका. ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पहिल्या महिन्यात पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, कोरडी वाळू आणि चुना ९:१ टाका. दाण्याच्या मक्याला गरज पडलीच तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (पाण्यात विरघळणारं दाणेदार कीटकनाशक), लिटरला ०.४ ग्रॅम, एकटंच. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं, पण ते पिकापुरतं; बांधाच्या गवताचं त्यात काही नसतं. मी स्वतः तीन आठवडे विळा लावत नाही. हा माझा अंदाज आहे, शिफारस नव्हे.

बाकी कामं:
- वैरणीचा एक तुकडा बिनफवारणीचा राखा.
- वाऱ्यात फवारू नका. फवारल्या दिवशी बांधाला खूण करा.
- औषधाच्या डब्यात पाणी, दूध, पेंड काही ठेवू नका.
- पंप हौदावर धुऊ नका.
- गोचिडांसाठी पिकाचं औषध अंगावर लावू नका, ते कातडीतूनही आत जातं. जनावरांसाठीचंच औषध डॉक्टरांना विचारून वापरा, आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही तेही तेव्हाच विचारा.