लिनक्स लॅपटॉप बंद होत नाही? मग निदान या चुका तरी टाळा

शटडाऊन दिलं, स्क्रीन काळी झाली, पण पंखा घरघरतोय आणि पॉवरचा दिवा तसाच. किंवा रीस्टार्ट दिलं की कंपनीचा लोगो यायच्या आतच सगळं थिजतं. किंवा लॅपटॉप नीट बंद होतो आणि काही सेकंदांत आपसूक पुन्हा सुरू होतो. तिन्ही वेळी आपण म्हणतो ‘बंदच होत नाही’, पण ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. तरी लोक सगळे उपाय एकदम ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्सला उठवणाऱ्या प्रोग्रामच्या, एकाच ओळीत कोंबतात. मग कशाने बरं झालं तेही कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही नाही.

लोगोकडे बघत बसणं

उबुंटू, मिंट, फेडोरा, सगळेच बंद होताना एक गोंडस लोगो दाखवतात. आपल्याला हवी ती माहिती नेमकी त्याच्या मागे असते. लोगो दिसत असताना एस्केप दाबलं तर बहुतेक वेळा मागचा मजकूर दिसतो. नाहीच दिसला तर मशीन सुरू होताना ग्रबचा मेनू आणा, हव्या त्या नोंदीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ (फेडोरावर ‘आरएचजीबी’) हे दोन शब्द काढा आणि एफ१० दाबून बूट करा. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मग शटडाऊन द्या आणि स्क्रीनवर शेवटची ओळ कोणती उरते ते वाचा. ओळी फार भरभर सरकतात. मोबाइल समोर धरून व्हिडिओ काढा आणि मग निवांत थांबवत बघा.

शेवटच्या ओळीवरून निम्मं निदान होतं. ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर’ असं लिहून पुढे सेकंद मोजले जात असतील, तर एखादी सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारा प्रोग्राम, थांबायला तयार नाही. ‘रीच्ड टार्गेट’ या शब्दांपुढे पॉवर-ऑफ किंवा रीबूट असं येऊन सगळं थबकलं, तर सर्व्हिसेसचं काम आटोपलंय. डिस्क अनमाउंट करताना, म्हणजे सिस्टीमपासून सोडवताना, किंवा एखादा ड्रायव्हर बंद होताना गाडं अडलंय. आणि ‘रीबूट: पॉवर डाऊन’ ही ओळ येऊनही दिवा जळतच राहिला, तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, आपल्या बाजूने सगळं उरकून वीज तोडायचा निरोप दिला आहे, पण फर्मवेअरने (बायोसने, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरने) तो ऐकलेला नाही. इथे तुम्ही कितीही सर्व्हिसेस बंद केल्यात तरी काडीचाही फरक पडणार नाही.

याला जोडूनच दुसरी चूक. लोक ‘जर्नलसीटीएल’ या लॉग दाखवणाऱ्या कमांडला ‘-बी -१’ देऊन मागच्या बूटचा लॉग उघडतात, शेवटी काहीच संशयास्पद दिसत नाही आणि ‘लॉग तर स्वच्छ आहे’ म्हणून मोकळे होतात. लॉग लिहिणारी सर्व्हिसच शेवटच्या टप्प्याआधी थांबवलेली असते. त्यामुळे सर्व्हिस न थांबण्याच्या अडचणी लॉगमध्ये सापडतात, वरच्या उरलेल्या दोन फक्त स्क्रीनवर.

दीड मिनिटाला शत्रू समजणं

सर्व्हिस थांबवताना सिस्टीमडी, म्हणजे सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा लिनक्सचा कारभारी, आधी तिला ‘टर्म’ हा सिग्नल देतं, म्हणजे आवराआवर करून निघायला सांगतं. ठरलेल्या मुदतीत ती निघाली नाही तर ‘किल’ देऊन संपवतं. ही मुदत मुळात ९० सेकंदांची आहे. फेडोराने आवृत्ती ३८ पासून ती ४५ वर आणली. आता सर्रास दिला जाणारा सल्ला असा की, ‘डीफॉल्ट-टाइमआउट-स्टॉप-सेक’ ५ सेकंदांवर आणा, कटकट मिटेल. कटकट मिटते खरी. पण त्या लॅपटॉपवर स्वतःची वेगळी मुदत न ठरवलेला एखादा डेटाबेस चालत असेल, व्हर्च्युअल मशीन उघडं असेल, तर त्यालाही पाचच सेकंद मिळतात. डेटाबेसला मेमरीतलं डिस्कवर उतरवायला वेळ लागतो, आणि दर शटडाऊनला त्याला मध्येच ठार मारणं हा काही उपाय नव्हे.

त्यापेक्षा त्या ओळीत नाव कोणाचं आहे ते बघा. मागच्या बूटच्या लॉगमध्ये ‘टाइम्ड आउट’ आणि ‘किलिंग’ हे शब्द शोधा. कोणत्या सर्व्हिसची मुदत संपली आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या प्रोसेसला ‘किल’ द्यावा लागला, ते तिथे नावानिशी सापडतं. दोषी सापडला की मुदत कमी करायची ती फक्त त्याच्यापुरती. ‘सिस्टीमसीटीएल एडिट’ या कमांडपुढे सर्व्हिसचं नाव देऊन ते करता येतं.

नाव ‘यूजर मॅनेजर फॉर यूआयडी १०००’ असं असेल तर चोर घरातलाच आहे: तुमच्याच लॉगिनमधला एखादा प्रोग्राम. तिथे मुदत मुळात दोन मिनिटांची असते. पार्श्वभूमीला चालणारे सिंकचे प्रोग्राम, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट, टर्मिनलमध्ये विसरलेला एखादा सर्व्हर, यांच्यावर आधी संशय घ्या. नाव ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’चं असेल तर मात्र हात लावू नका. ती सुरक्षेची अपडेट्स बसवणारी सर्व्हिस आहे आणि तिला उबुंटूमध्ये मुद्दामच अर्ध्या तासापर्यंतची सवलत दिलेली आहे. चार्जर लावा आणि चहा प्या.

नेटवर्कवरच्या फोल्डरची गोष्ट आणखी चिवट. ऑफिसातला एनएफएस शेअर (सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर) माउंट केलेला, म्हणजे लॅपटॉपला जोडलेला, लॅपटॉप उचलून घरी आणला आणि घरी शटडाऊन दिलं. सर्व्हर तर पोहोचण्यापलीकडे. त्या शेअरवर अडकलेली प्रोसेस अशा अवस्थेत जाऊ शकते की ‘किल’ सिग्नललाही ती दाद देत नाही. ‘पीएस’ या कमांडने दिलेल्या प्रोसेसच्या यादीत तिच्यापुढे ‘डी’ हे अक्षर दिसतं. शिव्या सिस्टीमडीला पडतात, पण मुदत इथे निरुपयोगीच असते. अशा माउंटला ‘एफएसटॅब’ या माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये ‘_नेटडेव्ह’ हा पर्याय द्या, म्हणजे नेटवर्क बंद व्हायच्या आधी तो उतरवला जातो. त्याहून बरं म्हणजे ऑटोमाउंट वापरा: गरज लागेल तेव्हाच जोडला जाईल आणि रिकामा राहिला की, तशी मुदत दिली असेल तर, आपोआप उतरेल. नेटवर्क शेअर नसतानाही ‘डी’ दिसू लागला तर डिस्कची तब्येत तपासा, आणि त्याआधी बॅकअप घ्या.

पॉवरचं बटण दाबून धरणं

बटण चारेक सेकंद किंवा काही मॉडेलवर त्याहून जास्त वेळ दाबून धरलं की लिनक्सला न विचारताच वीज तुटते. ‘ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम जर्नलिंग करते, म्हणजे बदल आधी नोंदवून ठेवते, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांचं अर्धंच खरं आहे. जर्नल फाइल सिस्टीमचा सांगाडा सांभाळतं. तुमची न उतरलेली फाइल किंवा अर्धवट बसलेलं पॅकेज नाही. दोन मिनिटं थांबूनही हालचाल नसेल, तर आधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबा. सिस्टीमडी शुद्धीवर असेल तर उरलेल्या सर्व्हिसेसची वाट न बघता रीबूट करतं.

तेही चाललं नाही तर सिसआरक्यू, म्हणजे थेट कर्नलला हुकूम देणारी बटणं. ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन दाबून धरून एकेक अक्षर सावकाश दाबायचं: आर, ई, आय, एस, यू, बी. हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ते सगळीकडे सारखं चालत नाही. उबुंटूमध्ये सिसआरक्यूची मूळ किंमत, म्हणजे कोणती अक्षरं चालतील ते ठरवणारा आकडा, १७६ आहे, म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज. त्यात डिस्कवर उतरवणं, फाइल सिस्टीम फक्त वाचण्याजोगी करणं आणि रीबूट एवढ्यांचीच परवानगी येते. त्यामुळे आर, ई, आय दाबून काहीच घडत नाही. लोक तिथेच नाद सोडतात, आणि खरी कामाची अक्षरं तर पुढे असतात: एस, यू आणि बी. रीबूट नको, बंदच करायचं असेल तर बीऐवजी ओ. फेडोरावर ही किंमत १६, म्हणजे फक्त एस चालतो. तिथे हे सूत्र हवं असेल तर किंमत आधीच वाढवून ठेवावी लागते. मशीन अडकल्यावर ते जमणार नाही. लॅपटॉपवर प्रिंट-स्क्रीनसोबत एफएन बटणही लागू शकतं.

‘सिस्टीमसीटीएल पॉवरऑफ’ला ‘--फोर्स’ एकदा दिलं तर सर्व्हिसेसना थांबवायचं वगळलं जातं, पण डिस्क नीट उतरवली जाते. दोनदा दिलं तर तेही होत नाही. पहिल्याने भागत असताना लोक दुसरं का देतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

‘एसीपीआय=ऑफ’ घालून विसरून जाणं

माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात घातक सल्ला. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली म्हणून कोणीतरी ‘एसीपीआय=ऑफ’ घालायला सांगतं, इन्स्टॉल पार पडतं आणि तो शब्द कायमचा ग्रबमध्ये राहतो. आता लॅपटॉपची वीज तोडायची म्हणजे त्याला एस५ या पूर्ण बंद अवस्थेत न्यायचं, आणि तिथे नेणारी यंत्रणा म्हणजेच एसीपीआय. तीच बंद केल्यावर मशीन सगळं उरकून दिवा चालू ठेवून बसलं तर दोष कोणाचा? शिवाय बॅटरीचा आकडा जातो, झाकण मिटल्याचं कळत नाही ते वेगळंच. सेकंडहँड लॅपटॉप कोणी ‘लिनक्स टाकून’ दिला असेल तर पहिलं काम हे करा: ‘कॅट’ने ‘प्रॉक’मधली ‘सीएमडीलाइन’ ही फाइल वाचा आणि कर्नलला काय काय सांगितलं जातंय ते बघा.

‘रीबूट=ईएफआय’, ‘रीबूट=पीसीआय’, ‘रीबूट=एसीपीआय’ हे पर्याय मात्र खरोखर उपयोगी आहेत. मशीन पुन्हा सुरू करायची पद्धत त्यातून बदलता येते. काही मॉडेलना ठरावीक पद्धतच मानवते आणि त्यांची यादी कर्नलमध्येच आहे. तुमचं मॉडेल त्यात नसेल तर हाताने सांगावं लागतं. पण एका वेळी एकच, आणि तोही आधी ग्रबमध्ये ‘ई’ दाबून तात्पुरता. हे रीस्टार्टचे उपाय आहेत. बंद न होणाऱ्या मशीनवर वापरले तर हाती काही लागत नाही.

‘रीच्ड टार्गेट’नंतर गाडं अडत असेल आणि लॅपटॉपमध्ये इंटेलच्या जोडीला एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर ‘नूवो’ या एनव्हिडियासाठीच्या मुक्त ड्रायव्हरवर आधी बोट ठेवा. एकदा ‘नूवो.मोडसेट=०’ देऊन बूट करा. मशीन सुरळीत बंद झालं तर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बसवा. तो आधीच असेल आणि अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडून बघा. जुन्या कर्नलवर ठीक चालत असेल तर सेटिंग्ज उकरत बसू नका. काही दिवस त्याच कर्नलवर राहा आणि तसा बग नोंदवा. त्यात लॅपटॉपचं मॉडेल, दोन्ही कर्नलचे आकडे आणि शेवटच्या ओळीचा फोटो द्या. ‘पॉवर डाऊन’नंतर अडकणाऱ्या मशीनला बायोसचं अपडेट लागू शकतं; बऱ्याच मॉडेलना ते ‘एफडब्ल्यूअपडी’ या फर्मवेअर अपडेट करणाऱ्या प्रोग्राममधून लिनक्सवरूनच मिळतं. बायोस बदलताना चार्जर लावलेलाच हवा.

बंद होऊन पुन्हा उठणारा लॅपटॉप

इथे शटडाऊन बिघडलेलं नसतंच, कोणीतरी मशीनला जागं करतंय. लॅनची वायर, डॉक, वायरलेस माऊसचा डोंगल, सगळं काढून एकदा बंद करून बघा. मग एकेक वस्तू परत लावा. लॅनची वायर दोषी निघाली तर बायोसमधलं ‘वेक ऑन लॅन’ (नेटवर्कवरून मशीन जागं करण्याची सोय) बंद करा. इंटेलच्या काही जुन्या चिपसेटवर यूएसबी ३ च्या कंट्रोलरमुळे बंद केलेलं मशीन काही सेकंदांत पुन्हा चालू व्हायचं, आणि कर्नलमध्ये त्यासाठी खास तजवीज करावी लागली. तेव्हा हे भुताटकीचं वाटलं तरी ओळखीचं दुखणं आहे.

आणि एक राहिलं. अडकलेल्या शटडाऊनच्या आत डोकावण्यासाठी सिस्टीमडीमध्ये ‘डीबग-शेल’ नावाची सर्व्हिस आहे. ती सुरू केली की कंट्रोल-ऑल्ट-एफ९ वर रूट शेल (सगळे अधिकार असलेली कमांडची स्क्रीन) मिळतं आणि शटडाऊनच्या जवळजवळ शेवटपर्यंत जिवंत राहतं. कोण अडलंय ते तिथून ‘सिस्टीमसीटीएल लिस्ट-जॉब्स’ने सरळ दिसतं. पण हे शेल पासवर्ड विचारत नाही. लॅपटॉपसमोर बसलेला कोणीही तीन बटणं दाबून रूट होऊ शकतो. काम झालं की त्याच दिवशी ती सर्व्हिस डिसेबल करा.