ग्रामपंचायतीच्या दप्तरात एआय: कुठे चालतं, कुठे नाही

मी अमळनेर तालुक्यात ग्रामपंचायत अधिकारी आहे. पदाचं नाव बदललं तरी गावात अजून ग्रामसेविका ताईच. तालुक्याच्या मिटिंगला नवी मुलं विचारतात, "ताई, एआय वापरलं तर चालतं का?" चालतं, मीही वापरते. फक्त कोणतं काम द्यायचं ते आधी ठरवा, मग मोबाइल काढा.

सुरुवात पत्रांपासून करा. टंचाईच्या प्रस्तावाची भाषा, पाणीपट्टीच्या थकबाकीची नोटीस, दवंडीचा मजकूर हे सगळं बिनधास्त लिहून घ्या. थकबाकीदाराचं नाव आणि रक्कम मात्र टाकू नका. तिथे जागा मोकळी ठेवा आणि नमुना 9, म्हणजे कर मागणी नोंदवही, समोर घेऊन स्वतः भरा.

आधार, पासबुक, घरकुलाची किंवा निराधारांची यादी यांचा फोटो चॅटमध्ये टाकायचा नाही म्हणजे नाही. ऑपरेटरला तोंडी सांगून भागत नाही, त्याच्या टेबलासमोर कागद चिकटवा. फोटोतली यादी एक्सेलमध्ये हवी असली की हात तिकडेच जातो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं कळवलं होतं, ते गोपनीयतेपायीच. शिवाय 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच.

आता शासन निर्णय. एआयला जीआर विचारला की तो क्रमांक, तारीख, विभाग सगळं छातीठोकपणे सांगतो, आणि कधी कधी तसा जीआर मुळात निघालेलाच नसतो. म्हणून शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांक टाकून मूळ पीडीएफ उघडल्याशिवाय टिपणीत संदर्भ द्यायचा नाही. संकेतांक 18 अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. एआयने दिलेल्या आकड्यात महिना 14 निघाला तर पुढे शोधायचीही गरज नाही.

सगळ्यात जपायचं ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात. पंचायतराज मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये 'सभासार' आणलं. रेकॉर्डिंग दिलं की ते भाषिणीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या भाषांतर यंत्रणेच्या, आधाराने इतिवृत्ताचा मसुदा काढून देतं. काम खरंच वाचतं. पण आपली ग्रामसभा चालते अहिराणीत! असंच एक साधन मी वापरून पाहिलं. एक आजी उठून म्हणाल्या, "नयले पानी नही." मसुद्यात आलं, "श्री. नवले यांचे पाणी नाही." गावात नवल्यांचं एकही घर नाही. नळाची तक्रार राहिली बाजूला, आणि इतिवृत्तात एक नवा ग्रामस्थ जन्माला आला.

यावर उपाय सोपा आहे. माणूस बोलून झाला की तुम्ही माइकवर त्याचं नाव घ्या आणि म्हणणं साध्या मराठीत एकदा सांगा: "अमुक आजींची तक्रार, वॉर्ड दोनमध्ये नळाला पाणी नाही." बोलणाऱ्यालाही कळतं की आपलं नोंदलं गेलं. मसुदा आला की ठराव, सूचक, अनुमोदक आणि रक्कम या चार गोष्टी स्वतःच्या टिपणाशी ताडून पाहा. मग सरपंच आणि सभेला असलेल्या दोघा-तिघांसमोर मोठ्याने वाचा. एखादे नाना हमखास म्हणतील, "मी असं बोललोच नव्हतो." ते ऐकून घ्या, बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं.

लाभार्थी निवडणं, कुणाचा अर्ज संशयास्पद आहे ते ठरवणं, ही कामं एआयला द्यायची नाहीत. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांत जोखमीचे अर्ज शोधायला अल्गोरिदम लावला होता. त्या प्रकरणात हजारो पालकांवर फसवणुकीचा नाहक ठपका आला, ते कर्जात बुडाले आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. आपल्याकडे लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. उद्या अपिलात बोलावणं आलं तर सुनावणीला तुम्हीच उभे राहणार, सॉफ्टवेअर नाही.

आणि एक वही घाला. तारीख, एआयकडून काय लिहून घेतलं, कुणी तपासलं, काय दुरुस्त केलं, एवढे चार रकाने पुरे. बदली झाली की चार्ज यादीत ती वहीही लिहा.